नव्या ड्रायव्हरचा पहिला पगार रोखून ठेवणं चूक की बरोबर?

डिचोलीचा ट्रकवाला

माझ्या सहा गाड्या आहेत. त्यातल्या दोन दीड महिना अंगणात उभ्या आहेत. माल आहे, परमिट आहे, टायर नवे आहेत, फक्त चालवायला माणूस नाही. बँकेचा हप्ता मात्र 5 तारखेला जातोच.

थोडं मागचं सांगतो. गोव्यातल्या खाणी चालू असताना माझे दोन टिपर होते. 2012 मध्ये खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, 2018 च्या मार्चमध्ये परत. तेव्हा एक टिपर मिळेल त्या भावाने विकला आणि कर्ज काढून लांबच्या मालवाहतुकीत उतरलो. वेर्णा नाहीतर कुंडईच्या कारखान्यांतून माल उचलायचा आणि अनमोड घाट चढून बेळगाव, पुणे, बंगळूर गाठायचं.

गेल्या महिन्यात एका ड्रायव्हरने भरलेली गाडी बेळगावच्या अलीकडे धाब्यावर लावली, चावी धाबेवाल्याकडे दिली आणि फोन बंद करून टाकला. 15 हजारांची उचल घेऊन त्याला जेमतेम नऊ दिवस झाले होते. रात्री एक वाजता मी शेजारच्या गावातला दुसरा माणूस उठवला आणि त्याला मोटरसायकलवर मागे बसवून घाट चढलो. माल बिस्किटांचा होता म्हणून निभावलं.

आता ठरवलंय. नव्या माणसाचा पहिल्या महिन्याचा पगार सहा महिने माझ्याकडे ठेवायचा. टिकला तर तो पगार आणि वर 5 हजार. यात काय चूक आहे, सांगा.

अनमोडचा वाटसरू

पात्रांव (मालक), भरलेली गाडी वाटेत सोडणं आमच्यातही कोणी चांगलं म्हणणार नाही. पण तुम्ही औषध भलत्याच जागी लावताय. मी 19 वर्षं गाडी चालवतोय, गाव सत्तरी तालुक्यात.

गेल्या बुधवारचंच सांगतो. वेर्ण्याला एका कारखान्याच्या गेटवर सकाळी सातला गाडी लावली. टोकन नंबर 11. गाडी भरून बाहेर पडायला रात्रीचे नऊ वाजले. हे चौदा तास मी केबिनमध्ये. पत्रा असा तापला होता की कॅनमधलं पाणी चहाला चाललं असतं. संडास आत आहे, पण तो स्टाफचा. वॉचमन म्हणाला, मागच्या कंपाऊंडकडे जा. मी 44 वर्षांचा माणूस आहे, घरी दोन मुली आहेत, आणि मला भिंतीमागे जायला सांगतात. रात्री नऊला मालकाचा फोन, सकाळी दहाला पुण्यात गाडी खाली व्हायला हवी.

या ट्रिपचे मला 3,500 मिळाले. एका दिवसात संपली असती तरी तेवढेच, तीन दिवस लागले असते तरी तेवढेच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाचे 8 तास लिहून दिले होते. माझे गेटवरचे चौदा तास कोणाच्या वहीत लिहिले गेले? ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं. माझी गाडी 2016 ची आहे.

आणखी एक. मी गाडी शिकलो ती क्लीनर म्हणून. चार वर्षं काच पुसली, चाकाला लाकूड लावलं, उस्तादाच्या शेजारी बसून घाटात कुठे गियर उतरवायचा ते पाहिलं, मग स्टेअरिंग हातात आलं. तुम्ही मालकांनी पैसे वाचवायला क्लीनर काढून टाकले. आता विचारता ड्रायव्हर कुठे गेले. ते तयार होण्याची जागाच तुम्ही बंद केलीत.

फोंड्याचा मालवाहतूकदार

मी डिचोलीच्या भाऊंच्या बाजूने. सगळा दोष मालकावर टाकणं सोपं असतं. कंपनी भाड्याचे पैसे दोन-दोन महिन्यांनी देते, डिझेल मात्र रोखीने भरावं लागतं. क्लीनरचा पगार कुठून आणायचा?

आमच्या पोरांचंही बघा. अवजड गाडीचं लायसन्स 20 वर्षांआधी मिळत नाही, त्याआधी हलक्या गाडीचं एक वर्ष काढावं लागतं. बारावी झालेला मुलगा तोवर थांबतो का? तो कळंगुटला हॉटेलात लागतो, नाहीतर सरकारी नोकरीची जाहिरात कधी येते ते बघत घरी बसतो. मग परराज्यातला माणूस आणायचा. तो सुगीला गावी गेला की परत येईल याची खात्री नाही. अशा वेळी हातात काहीतरी ठेवायलाच हवं. मी तर ओरिजिनल लायसन्सच ठेवून घेतो.

पेडणेकरीण

दादा, लायसन्स ठेवून घेता म्हणजे काय? रस्त्यात पोलिसाने अडवलं तर त्याने काय दाखवायचं?

माझे वडील ट्रक चालवायचे. पगार 10 तारखेपर्यंत आला नाही की आई वाण्याकडे मला पाठवायची, कारण लहान मुलीला वाणी नाही म्हणत नसे. ती उधारीची वही मला अजून आठवते. तुम्ही महिनाभराचा पगार अडकवणार म्हणजे कोणाच्या तरी घरी ती वही उघडणार. आणि हे कायद्यातही बसत नाही. 1936 च्या वेतन कायद्यापासून छोट्या धंद्यात पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा नियम आहे, नव्या वेतन संहितेतही 7 दिवसच आहेत.

भावाने वडिलांचा धंदा का घेतला नाही, तेही सांगते. पगार हे कारण नव्हतं. ड्रायव्हर म्हटलं की स्थळं परत जात होती. मुलीकडच्यांचा एकच प्रश्न, चवथीला, गणपतीला तरी घरी असणार का? वडील सात चवथी घरी नव्हते.

कुंडई डिस्पॅच

मी कंपनीच्या बाजूचा आहे, मलाही ऐकून घ्या. आम्ही वेळ दुपारी तीनची दिली तरी मालक सकाळी सातला गाड्या पाठवून ठेवतात, नंबर लागावा म्हणून. एका वेळी आमच्याकडे दोनच गाड्या लागतात. मग गेटवर रांग होते आणि शिव्या आम्हाला बसतात. संडासाच्या बाबतीत वाटसरूंचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. ते आमच्या मॅनेजरपुढे मांडतो.

डिचोलीचा ट्रकवाला

पेडणेकर ताई, पगार रोखायचा विचार सोडला. वाण्याची वही खाणी बंद झाल्यावर आमच्याही घरी उघडली होती.

पण उचल मी बंद करणार, त्यावर ठाम आहे. आणि वाटसरू, खाणींनी आमची सवय वेगळी केली हेही लक्षात घ्या. खाणीवरून जेटीपर्यंत दहा-पंधरा किलोमीटर, दिवसभर खेपा आणि रात्री घरचं जेवण. तेव्हाचे माझे दोन्ही ड्रायव्हर आज गावातच आहेत, पण घाट चढायला तयार नाहीत. मी त्यांना बेळगावपर्यंतच जायला सांगतोय. पुढे बेळगावचा माणूस पुण्याला नेईल आणि हे संध्याकाळी परतीची गाडी घेऊन घरी येतील.

फोंड्याचा मालवाहतूकदार

गाडी दोन हातांत गेली की डिझेलचा हिशेब कोण देणार? टायर कापला तर कोणाच्या पगारातून? एका हाताची गाडी माणूस स्वतःची समजून जपतो. हे चालणार नाही, लिहून ठेवा.

अनमोडचा वाटसरू

टायरचं ते खरं आहे. माझी गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की मलाही झोप लागत नाही. हातबदल करताना दोघांनी मिळून टायर, टाकी, ताडपत्री बघायची आणि एका कागदावर दोघांच्या सह्या घ्यायच्या.

डिचोलीचे पात्रांव, त्याच कागदावर गेटवर पोचल्याची आणि गाडी भरल्याची वेळही लिहा. सहा तासांच्या वर थांबलो तर तासाला किती हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, तो आकडा तुम्ही सांगा. तुमच्या अंगणातली एक गाडी मी बघायला येईन, पण आधी आकडा.