घरकुलाला लिंटल बँड: विदर्भात भूकंप येतच नाही म्हणे!

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता):
भावाचं घरकुल सुरू आहे. दारं-खिडक्यांवर लिंटल टाकतोच आहोत, तर तोच काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवावा, म्हणजे भूकंपात भिंती एकमेकींना बांधलेल्या राहतील, असं माझं मत. मिस्त्री म्हणतो, लोहा वाया जाईल, इकडं कुठला आला भूकंप! ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणात मुलुगूला ५.३ चा झाला, तो गडचिरोली-चंद्रपूरले जाणवलाच ना? आपल्याखालचा खडक जुना न् कठीण. त्यातून लाटा लवकर विरत नाहीत, लांबवर जातात.

वणीकर:
भौ, आमच्याकडं खदानीत ब्लास्टिंग झाली का फळीवरचे गंज वाजतात. घर उभंच हाये. मुलुगूनं इकडं काय पडलं, सांगा? घरकुलाच्या हप्त्यात छत पुरं होत नाही, आन् तुमी पट्टा फिरवा म्हनता! मानसं इकडं विजेनं न् सापानं मरतात.

जुना ओव्हरसियर:
मुलुगूवरून मोजू नका. ५.३ आणि भूजचा ७.७ यांच्या ऊर्जेत जवळपास ४,००० पटींचा फरक आहे. २६ जानेवारी २००१ ला केंद्र भचाऊजवळ होतं आणि इमारती कोसळल्या दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत. खाली नदीचा गाळ, आणि तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब.

वणीकर:
मंग हे अहमदाबादच्या बिल्डरले सांगा. आपलं एकमजली घर, त्याले कायची पार्किंग!

औशाची लेक, उमरखेडची सून:
दादा, किल्लारीची घरंही बहुतेक एकमजलीच होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. हातभर-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. माझ्या आजोळी खांब-तुळयांचे लाकडी खण तसेच उभे राहिले आणि भिंती ढासळल्या. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आणि तेव्हाच्या सरकारी नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या भागात, म्हणजे झोन एकमध्ये होती! पुढं तो पहिला झोनच काढून टाकला. २००२ च्या नकाशात आपला बराचसा विदर्भ झोन दोनमध्ये आला, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात खालच्याच पायरीवर.

बुवा:
पाप वाढलं का धरती हालते.

पऱ्हाटीवाला:
बुवा, १९३४ च्या बिहार भूकंपाले गांधीजी अस्पृश्यतेच्या पापाचं फळ म्हणाले होते, तेव्हा टागोरांनी उघड विरोध केला. ते भांडण इथं नको.

जुना ओव्हरसियर:
पट्टा टाकणार असाल तर कोपऱ्यात सळ्या वळवून पुढच्या भिंतीत न्या. कोपऱ्यावर तोडला तर असून नसल्यासारखा. मिस्त्री नेमकं तिथंच आळस करतात.

वणीकर:
किल्लारीचं मानलं, ताई. पन मंग इस्टिमेटमध्ये टाका न् हप्ता वाढवा, गरिबाच्या खिशातून काऊन? आन् ज्यायचं मातीचं, कवेलूचं घर हाये, त्यायनं पट्टा कायले बांधावा? त्यायले तं घरकुलच लागलं नाही.