फुप्फुसात बुरशी असताना स्टेरॉइड का देतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईला बरीच वर्षं दमा आहे. आता छातीच्या डॉक्टरांनी एबीपीए, म्हणजे अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या अ‍ॅलर्जीतून होणारा फुप्फुसाचा आजार, असं निदान केलंय. आयजीई (अ‍ॅलर्जीतली प्रतिपिंडं) आणि इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दोन्ही वाढलेले. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि इट्राकोनाझोल (बुरशीविरोधी औषध) चालू आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात काहीही बदलणार नाही.

वाचून एवढं कळलं की या बुरशीचे बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचे, म्हणून थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या मॅक्रोफेज (भक्षक) पेशी त्यांना गिळतात. सुप्त बीजाणूवर प्रथिनाचा थर असतो, त्यामुळे तो लपून राहतो. फुगून रुजू लागला की आतलं बीटा-ग्लुकन (बुरशीच्या पेशीभित्तिकेतली शर्करा) उघडं पडतं, आपल्या पेशींवरचं डेक्टिन-१ हे ग्राही प्रथिन ते ओळखतं आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) धावून येतात. रुजलेल्या बीजाणूतून वाढणारे लांब तंतू मारायचं काम मुख्यतः त्यांचंच. म्हणून तर केमोथेरपीत न्यूट्रोफिल घटले की हीच बुरशी जिवावर उठते.

आईचं मात्र उलट दिसतंय. प्रतिकार कमी नाही, भलत्याच दिशेला जास्त आहे: टीएच-२ पेशी (अ‍ॅलर्जीला चालना देणाऱ्या), आयजीई, चिकट कफ, सुजलेल्या श्वासनलिका. हे मी बरोबर समजतेय का? आणि स्टेरॉइडने ही सूज उतरताना न्यूट्रोफिल-मॅक्रोफेजही दुबळे पडत नाहीत का?

२०२१ मध्ये कोविडनंतरचा म्युकरमायकोसिस (‘काळी बुरशी’) आपण सगळ्यांनीच पाहिला, आणि आईला मधुमेहही आहे. त्यामुळे फार धास्ती वाटते. श्वसनविकार किंवा सूक्ष्मजीवशास्त्रातलं कुणी असेल तर कृपया सांगा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना नेमकं काय विचारू?