दहा बाय बाराच्या गाळ्यात बेंचटॉप जॉइंटर: कामाचा की अडगळ?

काटकोन, वागळे इस्टेट, ठाणे

मित्राच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यातला मागचा दहा बाय बाराचा कोपरा भाड्याने घेतलाय. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारचं लाकूडकाम: पाट, चौरंग, देव्हारे, स्टुलं, कधीतरी एखादं लिहायचं मेज. चार फुटांवरचं काम क्वचितच. टेबल सॉ (मेजातून वर आलेली गोल करवत) आहे, थिकनेसर आहे. गेल्या महिन्यात ६ इंची बेंचटॉप जॉइंटर (फळी सपाट-सरळ करणारं छोटं यंत्र: दोन टेबलं, मधे फिरती पाती) आणला आणि तेव्हापासून ओळखीतला प्रत्येक लाकूडवाला एकच वाक्य ऐकवतोय: "रंधा होता की तुझ्याकडे!"

होता. आहे. पण माझं म्हणणं ऐका. थिकनेसर फळी सरळ करत नाही, फक्त जाडी सारखी करतो. वाकडी फळी आत घातली की रोलर तिला दाबून धरतात, पाती वरचा थर काढतात, आणि पलीकडे सुटल्यावर ती निवांतपणे आपल्या मूळ बाकावर येते. हातात काय, तर सगळीकडे सारख्या जाडीची वाकडी फळी. आधी एक तोंड, म्हणजे रुंद बाजू, सपाट हवं आणि एक कड त्याच्याशी काटकोनात हवी. ते काम जॉइंटरचं. देव्हाऱ्याच्या एका बाजूला तीन पट्ट्या जोडायच्या म्हणजे चार कडा. हाताने करताना माझा अख्खा शनिवार जायचा, आणि तरी जोड उजेडात धरला की फटीतून ट्यूबलाइट दिसायची. आता अर्ध्या तासात उरकतं.

दुसरं, जागा. बिडाचा मोठा उभा जॉइंटर ठेवला तर मला बाहेर उभं राहून काम करावं लागेल. हा छोटा वापरून झाला की उचलून भिंतीवरच्या फळीवर ठेवतो. टेबल अ‍ॅल्युमिनियमचं आहे म्हणून नाकं मुरडू नका. जुलैत बिडाच्या टेबलावर घामेजला तळहात टेकून बघा, दुसऱ्या दिवशी पाच बोटांचा तांबडा ठसा मिळेल.

मतं येऊ द्या. शिव्याही चालतील, मुद्द्याला धरून.

रंधेकर, कोपरखैरणे

शिव्या नाही, हिशेब देतो. ६ फुटी फळी घ्या, मधोमध ६ मिलिमीटर बाक असलेली. वखारीत अशाच मिळतात. बाक लांबीच्या वर्गाच्या हिशेबाने घटतो. तुमचं टेबल दोन्ही बाजू धरून ३० इंच असेल, तर तेवढ्या लांबीत त्या बाकातला जेमतेम १ मिलिमीटर येतो. आणि फळी ज्यावर टेकवून पुढे सारता ते अलीकडचं टेबल १५ इंच, त्यावर पाव मिलिमीटर. म्हणजे यंत्राच्या लेखी फळी सरळच आहे! ते बिचारं बाकाच्या कलाने कापत जातं. दहा वेळा घाला, दहाव्या वेळी तुम्हाला अतिशय गुळगुळीत, अतिशय चकचकीत वाकडी फळी मिळेल.

टेबलाच्या दुपटीपर्यंतची फळी चालते असं म्हणतात. म्हणजे पाच फूट, तेही हात बसल्यावर. त्यासाठी एवढा किंचाळणारा डबा पोसायचा? २२ इंची सात नंबरचा रंधा, एक सरळ पट्टी आणि काटकोन तपासायला एक गुण्या. गंजाचं म्हणाल तर खोबरेलाचं फडकं पुसून ठेवा, चाळीस वर्षांचे रंधे आमच्या घरात आहेत.

काटकोन

हिशेब मान्य. पण तो तुमच्यावरही उलटतो. तुमचा रंधा २२ इंच, माझं टेबल ३०. मग तुमचा रंधा बाकाच्या कलाने का जात नाही?

रंधेकर

कारण रंध्यामागे डोकं असतं. पट्टी ठेवली, उंचवटा दिसला, तिथेच चार हात मारले, पुन्हा पट्टी. यंत्राला उंचवटा दाखवून देता येत नाही.

काटकोन

येतो की. पोकळ बाजू खाली ठेवायची आणि पहिल्यांदा अख्खी फळी सारायचीच नाही. एका टोकाचं थोडं घ्यायचं, फळी फिरवून दुसऱ्या टोकाचं थोडं घ्यायचं, मग पूर्ण लांबी. डोकं दोन्हीकडे वापरता येतं.

भुसेभाऊ, घणसोली

तुम्ही दोघं ठाणे-वाशी भांडा, मी मधल्या स्टेशनावर उतरतो. थिकनेसर आहे ना? मग तोंड सपाट करायला जॉइंटर कशाला? एमडीएफची (दाबलेल्या भुशाच्या बोर्डाची) सरळ पाटी घ्यायची, वाकडी फळी तिच्यावर ठेवायची, जिथे डुगडुगते तिथे बारीक पाचरी सारायच्या, गरम गोंदाच्या थेंबांनी त्या जागच्या जागी धरायच्या आणि पाटीसकट थिकनेसरमध्ये. वरचं तोंड सपाट झालं की पाटी बाजूला, फळी उलटी. झालं.

आणि रुंदीचा मुद्दा कुणी काढलाच नाही. जॉइंटर ६ इंची म्हणजे फळी ६ इंचापर्यंत. चौरंगाला ९ इंची चांगली सागाची फळी मिळाली तर तुम्ही ती मधून चिरणार आणि पुन्हा चिकटवणार? पाप लागेल. थिकनेसरमध्ये १२ इंच सहज जाते. राहिली कड, ती टेबल सॉवर फळीला सरळ पट्टी बांधून निघते.

काटकोन

रुंदीवर मी निरुत्तर. ९ इंची फळी खरंच चिरली होती. पण पाचरी, गोंद, पाटी हे एका फळीला ठीक आहे. दहा पट्ट्या असल्या की माझा रविवार पाचरी शोधण्यात जातो.

तुर्भेचा मिस्त्री

मी बाजू घेत नाही, एक गोष्ट सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात होतो. मोठा रंधा-मशीन, म्हणजे जॉइंटरच, सहकाऱ्याने गार्ड (पात्यांवरचं झाकण) काढून ठेवलेला, कारण काय तर "काम दिसत नाही". सहा इंचाचा सागाचा तुकडा, लाकडाच्या रेषेच्या उलट सारला. पात्याने तुकडा मागे भिरकावला आणि त्याला दाबून धरणारा हात तिथेच खाली गेला. दोन बोटांची पेरं गेली. करवत कापते, ते निदान शिवता तरी येतं. हे यंत्र कापत नाही, भुसा करतं. डॉक्टरला जोडायला काही उरत नाही.

म्हणून: एक फुटापेक्षा छोटा तुकडा जॉइंटरवर घालायचाच नाही. लांब फळी घासून घ्या, तुकडे नंतर पाडा. तळहात पात्याच्या वरून कधी जाऊ द्यायचा नाही, दोन्ही हातांत रबर लावलेले ठोकळे. हातमोजे अजिबात नकोत, मोजा अडकला की हातही त्याच्यामागे. गार्ड काढायचा नाही. रेषा बघून फळी फिरवा. एका वेळी अर्धा ते एक मिलिमीटर, जास्त नाही. यंत्र लहान आहे म्हणून भीती लहान करू नका. उलट हलकं असतं, वर्कबेंचला बोल्टने आवळलं नाही तर फळीसकट सरकतं.

काटकोन

काका, बोल्ट मारले नव्हते. आज मारले.

घोडबंदरची गायत्री

आमच्याकडे गाळा नाही, बंद केलेली बाल्कनी आहे. हा तिथे चालेल का?

रंधेकर

यंत्र चालेल, सोसायटी चालू देणार नाही. या छोट्या यंत्रांत मिक्सरसारखी ब्रशवाली मोटर असते, तिचा आवाज कानातून आरपार जातो. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. हा डबा त्याच्या कितीतरी वर. रंध्याचा आवाज मात्र शेजारच्या काकूंना ऐकूसुद्धा येत नाही. बघा, पुन्हा रंधा जिंकला.

घोडबंदरची गायत्री

जिंकला नाही, माझ्याकडे उरलेला पर्याय ठरला. फरक आहे.

पाचर, ऐरोली

मी काटकोनच्या बाजूने. तीन वर्षं असाच जॉइंटर वापरतोय. पण काटकोन, खरं सांगा, फळीच्या शेवटच्या दोन इंचांत खड्डा पडतो की नाही?

काटकोन

पडतो. लाकडाला दोष देत होतो.

पाचर

लाकूड निर्दोष आहे. पलीकडचं टेबल आणि पात्याचं सर्वांत वरचं टोक एका रेषेत हवं. टेबल खाली असेल तर अलीकडच्या टेबलाचा आधार सुटताच फळीचं शेपूट खाली पडतं आणि पातं जास्त खातं. टेबल वर असेल तर फळी त्याच्या काठाला अडते, नाहीतर कड एका बाजूला निमुळती होत जाते. आपल्या छोट्या यंत्रात पलीकडचं टेबल बहुधा हलत नाही, म्हणजे पातीच वरखाली करायची.

प्लग काढा. ओढून काढा, नुसतं बटण बंद नको. पलीकडच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवा, तिचं टोक पात्यावर येऊ द्या आणि कटरहेड (पाती बसवलेला फिरता दांडा) हाताने फिरवा. पातं पट्टीला उचलून पुढे सरकवेल. सूतभर, म्हणजे ३ मिलिमीटर सरकली की जमलं. पात्याच्या दोन्ही टोकांना तेवढीच, आणि प्रत्येक पात्याला तेवढीच. पहिल्यांदा मला दोन तास लागले आणि तोंडातून बरंच काही निघालं.

फेन्सही (फळी टेकवायची उभी पट्टी) तपासा. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर जोराने दाबल्यावर वाकते. गुण्या लावून ९० अंश केलेत तरी अर्धा अंश कुठेतरी राहतोच. त्याला जुनी युक्ती: जोडायच्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या धरायच्या, एकीचं वरचं तोंड फेन्सला लावायचं, दुसरीचं खालचं. एक कड साडेनव्वद झाली तर दुसरी साडेएकोणनव्वद होते आणि जोड सपाट बसतो.

भुसेभाऊ

ही युक्ती रंध्यालाही लागू. दोन फळ्या एकत्र शिकंज्यात आवळायच्या आणि दोन्ही कडा एकदमच मारायच्या. आता रंधेकर खूश होणार.

रंधेकर

झालो.

नवखा सुतार, ऐरोली

माझा भाचा अमेरिकेहून असा जॉइंटर आणतो म्हणतोय. तिथे १२० व्होल्ट. चालेल ना?

पाचर

थेट लावलात तर धूर काढेल. २ केव्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो स्वतःच एक वजनदार पाहुणा. ब्रशवाल्या मोटरला तिकडचे ६० हर्ट्झ आणि इकडचे ५० यांनी फार फरक पडत नाही, व्होल्टेजने पडतो. माझं मत विचाराल तर भाच्याला पुश ब्लॉक (ते रबर लावलेले ठोकळे) आणि चांगला गुण्या आणायला सांगा.

भुसेभाऊ

आणखी एक. न्हावाशेवा बंदराकडून येणारं पॅकिंगचं पाइन स्वस्त म्हणून आपण सगळेच उचलतो. त्यात तुटलेले खिळे असतात. जॉइंटरवर घालण्याआधी चुंबक फिरवा. माझ्या पात्याला एका स्टेपलने खाच पाडली, त्यानंतर सहा महिने प्रत्येक फळीवर माझी सही उमटत होती, एक बारीक उंच रेघ.

तुर्भेचा मिस्त्री

त्याला एक पातं डावीकडे केसभर सरकव, दुसरं जागेवर ठेव. रेघ जाईल.

भुसेभाऊ

सहा महिने! काका, तुम्ही आधी कुठे होतात?

काटकोन

पाती लावून घेतली. शेपटाचा खड्डा गेला. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर काल साडेपाच फुटी फळी घेतली, मेजाची पुढची पट्टी म्हणून, आणि रंधेकर म्हणाले तसंच झालं. टोकं आधी घेऊन पाहिली, बाहेर लाकडी स्टँड लावून पाहिला. पट्टी ठेवली तर मधे कागद सरकतो. तीन फुटी पाय मात्र एका फेरीत तलवारीसारखे सरळ.

रंधेकर

ती फळी तशीच ठेवा, आणखी घासून पातळ करू नका. रविवारी सात नंबर घेऊन ठाण्याला येतो. माझ्या देव्हाऱ्याच्या अठरा पट्ट्या पडल्यात, त्याही पिशवीत घालतो. तुम्ही माझ्या पट्ट्या मारा, मी तुमची फळी मारतो.

काटकोन

या. ट्रान्सहार्बर लोकलला मेगाब्लॉक आहे का ते बघून निघा. आणि रंधा फडक्यात गुंडाळून आणा, गाळ्याच्या दारात अजून घोटाभर पाणी आहे.