जर्मनीत क्लाइनगार्टन (संस्थेकडून भाड्याने मिळणारी छोटी बाग) घ्यावा का? मेथी, चाकवत, दोडका कुणी लावलाय का इथे?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी, वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही हॅनोव्हरला असतो, मी, बायको आणि ५ वर्षांची लेक, चौथं वर्ष चालू आहे. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बाल्कनी आहे पण उत्तरेला तोंड करून, तुळससुद्धा धड जगत नाही. मूळचे आम्ही कराडकडचे, घरी ऊस आणि हळद, दहावीपर्यंत मी सुट्टीत रानातच असायचो. इथे आल्यावर जिम लावून झाली, बॅडमिंटन झालं, फोटोग्राफीसाठी कॅमेरा घेतला तो कपाटात पडलाय. कशातच जीव रमला नाही खरं सांगायचं तर.

ऑफिसला जाताना ट्राम एका बागांच्या वसाहतीला लागून जाते, छोटे छोटे तुकडे, प्रत्येकात एक लाकडी खोपटं, सफरचंदाची झाडं, वाफे. गेलं वर्षभर मी येताना एक स्टॉप आधी उतरतो आणि त्या कुंपणाकडेने चालत घरी येतो. परवा गेटवरच्या काचेच्या फळ्यावर कागद दिसला, २८० चौरस मीटर, खोपट्यासकट, ३ सफरचंद १ चेरी, आधीच्या माणसाला ३२०० युरो द्यायचे. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

बायको म्हणते पैसे आहेत ठीक, पण शनिवार रविवार सगळा त्यातच जाईल आणि दिवाळीत नाहीतर मे महिन्यात गावी गेलो तर पाणी कोण घालणार. माझं जर्मन ऑफिसपुरतंच आहे, तिथे सगळी म्हातारी मंडळी, नियम कडक असतात असं ऐकलंय. आणि मुख्य म्हणजे आपल्या भाज्या येतात का हो? नुसते बटाटे आणि झुकिनी लावायची असेल तर विचार करावा लागेल. ज्यांनी घेतलीय त्यांनी खरं काय ते सांगा.

वाफेवाली_ताई

घ्या. डोळे झाकून नाही, पण घ्या. मी लाइपझिगला असते, माझ्या बागेला यंदा ७ वर्षं होतील.

लाइपझिग म्हणजे या बागांचं माहेर, १८६४ मध्ये इथेच पहिली श्रेबर संस्था निघाली. एका शाळेच्या मुख्याध्यापकाने काढली आणि श्रेबर नावाच्या डॉक्टरचं नाव दिलं, तो डॉक्टर तेव्हा वारलेला होता. आधी नुसतं मुलांना खेळायला मैदान होतं, कडेला मुलांसाठी वाफे केले, मुलांनी चार दिवसांत सोडले आणि आईबापांनी धरले ते आजपर्यंत. त्या जुन्या संस्थेच्या इमारतीत या बागांचं म्युझियम आहे, इकडे आलात तर लेकीला घेऊन या.

आता नियमांचं. घाबरण्यासारखं काही नाही पण आधी माहिती पाहिजे. १९८३ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात बाग सहसा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, खोपटं ओसरीसकट २४ चौरस मीटरच्या वर नको आणि तिथे कायमचं राहता येत नाही. साधारण एक तृतीयांश जागेवर भाजीपाला आणि फळं लावावीच लागतात, नुसतं लॉन करून खुर्च्या टाकल्या तर संस्थेचं पत्र येतं. आपल्यासाठी तर हा नियम वरदानच आहे. कुंपणाची हेज १ मार्च ते ३० सप्टेंबर मुळापासून छाटायची नाही, पक्ष्यांची घरटी असतात, वाढलेलं वरवर कापलं तर चालतं. रविवारी मशीन नाही, दुपारची शांतता पाळायची. वर्षातून काही तास सगळ्यांनी मिळून रस्ता साफ करणं वगैरे काम असतं, ते चुकवू नका, सगळ्या ओळखी तिथेच होतात.

३२०० जास्त वाटतायत का कमी हे कागदावर बघून कळत नाही. संस्थेचा माणूस येऊन झाडं आणि खोपट्याची किंमत ठरवतो, तो कागद बघायला मागा आणि छप्पर नीट बघा, जुन्या खोपट्यांवर अस्बेस्टॉसचे पत्रे असू शकतात, ते काढायला वेगळे पैसे पडतात. माझं भाडं, पाणी, वीज, विमा, वर्गणी धरून वर्षाला ३५० युरोच्या आसपास जातं.

आणि भाषेचं म्हणाल तर माझं जर्मन बागेतच सुधारलं. पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते. जून महिना, शेजारच्या आजी (८० च्या पुढच्या) त्यांच्या बटाट्यातलं तण उपटून ढीग लावत होत्या, मी कुंपणावरून बघतेय तर काय, चाकवत! सगळा ढीग चाकवताचा! कोवळ्या पानांवर ती पिठासारखी पांढरी भुकटी असते ना, बोटाला लागते, तशीच. मी धावत गेले आणि टाकू नका मला द्या म्हटलं. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. मी ताकातला चाकवत केला, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, वरून लसणाची फोडणी, डब्यात घालून त्यांना नेऊन दिला. त्यांनी एक चमचा खाल्ला आणि खाली बसल्या, म्हणाल्या लढाई संपल्यावर आमची आई हे पालकासारखं शिजवायची, तेव्हा दुसरं काही नसायचं, त्यानंतर आजच तोंडात घातलं. मला तेव्हा त्यातलं निम्मंच कळलं होतं, उरलेलं त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात परत सांगितलं. आता दर जूनला त्यांच्या वाफ्यातला चाकवत माझ्यासाठी बाजूला ठेवलेला असतो, मुळं कापून, जुडी बांधून.

घोळसुद्धा आपोआप येते, पेव्हरच्या फटींतून. म्हणजे दोन भाज्या तर न लावताच मिळाल्या. मात्र ओळख पक्की असल्याशिवाय तण खाऊ नका, दुसरी बरीच रोपं सारखी दिसतात.

दोडका_प्रेमी

ताईंनी बाकी सगळं सांगितलंय, मी फक्त भाज्यांचं बोलतो कारण त्यात मी दोन वर्षं मार खाल्लाय. स्टुटगार्टजवळ असतो.

दादा तुम्ही शेतकरी घरातले आहात म्हणून पटकन लक्षात येईल. इथे थंडीपेक्षा दिवसाची लांबी आपल्याला जास्त फसवते. कराडला सगळ्यात मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर, हॅनोव्हरला २१ जूनच्या आसपास साडेसोळा तासांहून जास्त. आपलं गावठी दोडक्याचं बी दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतं. माझा वेल जुलैत खोपट्याच्या छपरावर चढला, हिरवागार, पानं तळहाताएवढी, आणि फूल एक नाही. मी खत घातलं, पाणी वाढवलं, कमी केलं, शेंडे खुडले. ऑगस्टच्या शेवटी संध्याकाळी पिवळी फुलं उमलायला लागली, सप्टेंबरच्या शेवटी ४ दोडके हाताला लागले आणि ऑक्टोबरमध्ये एका थंड रात्रीत वेल काळा पडला. वालपापडीचं अगदी तेच, फुलं येईपर्यंत थंडी दारात.

त्यामुळे दोडका लावायचा तर लवकर फळणारी, मोठ्या दिवसात फुलणारी जातच घ्या, विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. घोसाळं माझ्याकडे दोडक्याच्या आधी लागलं. दुधी छान येतो पण फुलं संध्याकाळी उमलतात आणि तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात, म्हणून मी साडेआठला नर फूल तोडून मादी फुलावर हाताने फिरवतो. ज्या फुलामागे बोटाएवढा लवदार दुधी असतो ती मादी. हे सुरू केल्यापासून एका वेलाला ९ दुधी मिळाले, त्याआधी सगळे पिवळे पडून गळायचे.

मेथी एप्रिलपासून टाका, किराणा दुकानातली मेथी ४-५ दिवसांत उगवते, दर पंधरा दिवसांनी एक ओळ, कोवळी असतानाच उपटायची. कोथिंबीर मे-जूनमध्ये टाकली तर हातभर व्हायच्या आत फुलोऱ्यावर जाते, ती ऑगस्टमध्ये टाका, धणे आधी रगडून दोन फाकी करून. लाल माठ उन्हाळ्यात तणासारखा वाढतो. मुळा टाका, पाल्याचीही भाजी होते. भेंडीला काचेचं नाहीतर प्लॅस्टिकचं घर लागतं, उघड्यावर माझ्याकडे झाडाला ३ भेंड्यांवर गेली नाही. अळू कुंडीत लावा, थंडीत कंद घरात.

आणि १५ मेच्या आधी वेलवर्गीय काही बाहेर लावू नका. ११ ते १५ मे हे इथले बर्फाचे संत, म्हणजे थंडीचा शेवटचा झटका येतो ते संतांच्या नावाचे दिवस, शेवटची ती थंड सोफी. म्हाताऱ्यांचं ऐका, मी पहिल्या वर्षी १ मेला २५ अंश ऊन बघून सगळी रोपं लावली, ती ९ तारखेच्या रात्रीत गेली.

गोगलगायींचं विसरलोच. बिनशंखाच्या, तपकिरी, बोटाएवढ्या. पाऊस पडून गेला की रात्री बॅटरी घेऊन जायचं आणि हाताने वेचायच्या, नाहीतर सकाळी माठाच्या जागी नुसते देठ उभे.

मैनतीरावर

थोडं वेगळं मत मांडते. आम्ही फ्रांकफुर्टजवळ बाग घेतली होती, दोन वर्षांनी सोडली. मुलं तेव्हा १ आणि ४ वर्षांची, नवऱ्याचा प्रवास. मे-जूनमध्ये आठवड्यातून ३ संध्याकाळी गेलं नाही तर तण कमरेपर्यंत, आणि शेजाऱ्यांच्या नजरा. ५ आठवडे पुण्याला गेलो ते जुलैत, परत आलो तर झुकिनी हातभर आणि टोमॅटो करपलेले. रडू आलं मला, खरंच. बाग वाईट नव्हती, आमचं ते वय चुकीचं होतं.

तुमच्या मिसेसचं म्हणणं त्यामुळे बाजूला सारू नका. ती बाग दोघांची असेल तर टिकेल. शंका असेल तर आधी एक हंगाम शेतकऱ्याकडचा तयार वाफा भाड्याने घेऊन बघा, बऱ्याच शहरांच्या कडेला मिळतात, पेरणी बरीचशी तो करून देतो, आपण मेपासून शरद ऋतूपर्यंत खुरपायचं, पाणी घालायचं, काढायचं. आम्ही आता तेच करतो आणि मुलं स्वतः गाजरं उपटतात.

गावी मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. तेव्हा बागेतलं पाणीही बंद केलेलं असतं, काही अडत नाही.

लेस्टरचा_काका

इंग्लंडमधून लिहितोय, आमच्याकडे याला अलॉटमेंट म्हणतात, जागा कौन्सिलची, खोपट्यापेक्षा मातीला महत्त्व. जुन्या मापाने पूर्ण प्लॉट १० रॉड म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, मी अर्धाच घेतलाय आणि ६३ व्या वर्षी तेवढा पुरतो. माझ्या लाइनीत तीन गुजराती काका आहेत, ३० वर्षं मेथी करतायत, पाणी कधी, बी किती खोल, सगळं त्यांनी शिकवलं. कृष्णाकाठच्या दादांना एकच सांगणं, पहिल्या वर्षी सगळी जागा खणायला जाऊ नका. ४ वाफे करा, उरलेल्यावर पुठ्ठा अंथरून वर कंपोस्ट टाका, खालचं तण आपोआप दबतं.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. चाकवताचं वाचून बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि परत वाचलं, तिची आजी ताकातला चाकवत करायची.

मैनतीरावर, तुमचं म्हणणं दोघांनी बसून वाचलं. असं ठरलंय की एप्रिल ते सप्टेंबर गावी जायचं नाही, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी माझ्या, तिची शनिवार सकाळ, रविवारी सगळे. जमेल असं तिलाच वाटतंय आता.

शनिवारी बघून आलो. छप्पर पत्र्याचं आहे, अस्बेस्टॉस नाही, ठरवलेल्या किमतीचा कागद दाखवला त्यांनी. माती काळी, भुसभुशीत, मूठ वळली की ढेकूळ होतं आणि बोटाने दाबलं की सुटतं. बाग देणारे आजोबा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे सोडतायत, ३१ वर्षं केलीय त्यांनी. लेकीला त्यांनी गांडुळं दाखवली, ती तासभर तिथून हलली नाही. पुढच्या आठवड्यात संस्थेची मीटिंग आहे, आमच्या आधी यादीत एकच कुटुंब आहे.

एक विचारायचं होतं. आईने दोडक्याचं, पावट्याचं आणि हळदीचं बेणं बांधून ठेवलंय, एप्रिलमध्ये मित्र येतोय त्याच्याबरोबर पाठवते म्हणाली. आणू का?

दोडका_प्रेमी

नका आणू दादा. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये बाहेरून बी, रोप, कंद काहीही सामानातून आणायचं तर तिथल्या सरकारचं रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर एअरपोर्टवर जप्त होतं आणि मित्राला उगाच त्रास. आईंना वाईट वाटेल, माझ्या आईलाही वाटलं होतं. पण विचार करा, रोग आला तर तो आजोबांच्या ३१ वर्षांच्या मातीत जाईल.

हळद तुम्हाला इथेच मिळेल, भारतीय किंवा बायो (सेंद्रिय मालाच्या) दुकानात ओली हळद असते, डोळे फुगलेले कंद निवडून आत्ताच कुंडीत लावा आणि घरातल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात ठेवा, कोंब यायला महिना-दीड महिना लागतो, धीर सोडू नका. दोडक्याचं बी युरोपातल्या दुकानांतून मागवा. एप्रिलच्या मध्यावर रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, एका कुंडीत एकच बी कारण मुळं दुखावलेली त्याला चालत नाहीत, आणि १५ मे नंतर बाहेर, दक्षिणेच्या भिंतीला. मांडव आधी घाला, वेल वर चढल्यावर घालायला गेलात तर शेंडे मोडतात.

वाफेवाली_ताई

आणि आईंना व्हिडिओ कॉल लावून हळद लावताना दाखवा, कराडच्या हळदवाल्या आहेत त्या, किती खोल लावायची हे आमच्यापेक्षा त्याच बरोबर सांगतील. मीटिंगमध्ये काय झालं ते इथेच लिहा.