कोर्लईची बोली शिकायची आहे, सुरुवात कुठून करू?

रेवदंडा_खाडी:
रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई गावातली ख्रिस्ती कुटुंबं घरात पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात, 'नॉ लिंग'. एक काकू आठवड्याला तासभर शिकवायला तयार आहेत, मराठी त्यांना उत्तम येतं. आधी मोबाईलवर पोर्तुगीज शिकून घेऊ का? आणि वहीत लिहू कसं?

दर्यावर्दी:
ॲपच्या नादी लागू नका. तिथली निम्मी मेहनत क्रियापदांच्या रूपांवर जाते आणि कोर्लईत पुरुष-वचनाप्रमाणे क्रियापद बदलतच नाही. काळाप्रमाणे बदलतं, सगळं लक्ष तिथे द्या. १७४० मध्ये शेजारचं चौल बंदर पोर्तुगीजांच्या हातून गेलं, त्यानंतर ही बोली मराठीच्या शेजारातच राहिली. त्यामुळे कर्म क्रियापदाआधी येतं आणि मराठीतून घेतलेल्या धातूंचा उकारान्त असा वेगळा गट झाला आहे.

मराठी माणूस फसतो तो इथेच. "मी मासे विकतो" हे कसं म्हणाल, असं विचारलंत तर काकू तुमच्याच क्रमाने शब्द मांडतील. मग तो क्रम बोलीचा की तुमच्या वाक्याचा? म्हणून अर्धाच वेळ भाषांतराला द्या. उरलेल्या वेळात सुकट कशी वाळवतात, जाळं कसं शिवतात हे त्यांना सलग सांगू द्या. मधे टोकू नका. नंतर तेच ध्वनिमुद्रण वाक्यावाक्याने थांबवून त्यांच्याकडूनच मराठीत अर्थ घ्या.

वाक्यं विचारताना एका वेळी एकच गोष्ट बदला: मी विकतो, तू विकतोस, मी विकलं, मी विकत होतो. कर्ता आणि काळ दोन्ही एकदम बदललेत तर कोणता तुकडा कशाचा, ते सुटणार नाही. आणि "हे बरोबर ना?" कधीही विचारू नका, पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. तुम्ही बोला आणि "मी काय म्हटलं?" असं विचारा.

पायमोडका_अक्षर:
देवनागरीत लिहा, पण शाळेतल्या सवयी बाजूला ठेवून. अनुस्वार अजिबात नको. मराठीत तो ङ्, न्, म् सगळ्यांचं काम करतो, नव्या भाषेत तेच वेगळं कळायला हवं. पूर्ण अक्षर लिहा, नाकातल्या स्वराला फक्त चंद्रबिंदू. 'चार'चा च आणि 'चमचा'चा च आपण एकाच अक्षराने लिहितो, तिथे दुसऱ्याला नुक्ता, म्हणजे अक्षराखाली टिंब, द्या. शब्दाच्या शेवटी अ ऐकू येत नसेल तर पाय मोडा. ए–ॲ आणि ओ–ऑ यांच्या जोड्या पहिल्याच आठवड्यात कानाने तपासा. तिथे घसरलात तर सगळी वही पुन्हा लिहावी लागते.

दर्यावर्दी:
ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. मिनिटाला साधारण ५ एमबी जागा जाते. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला. समुद्राकडची खिडकी लावून घ्या, वाऱ्यात स–श ओळखू येत नाहीत. प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्या आणि मधला ऐका, शेवटच्याला आवाज खाली येतो. मुद्रण सुरू करण्याआधी ते कोणाला ऐकवणार हे काकूंना सांगून परवानगी घ्या आणि एक प्रत त्यांच्या घरी द्या.

रेवदंडा_खाडी:
काकूंची सून तोच शब्द जरा वेगळा म्हणते. कोणाचं धरू?

पायमोडका_अक्षर:
दोन्ही लिहा, समोर वय आणि माहेर. सून बाहेरगावची असेल तर तो फरक तिथलाही असू शकतो. खरं कोणाचं, हे त्या दोघींना एकमेकींसमोर विचारू नका. सून गप्प बसेल आणि तुमच्या वहीत एकच रूप उरेल. व्याकरणाचा आराखडा हवा असेल तर जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचं १९९६ चं इंग्रजी पुस्तक आहे. मात्र ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उघडा, आधी कान तयार होऊ द्या.