निन्टेन्डो ६४ आणि कार्ट्रिज : वाचवलेला खर्च शेवटी कोणी भरला?

धागाकर्ता

निन्टेन्डोने १९९६ साली ‘निन्टेन्डो ६४’ हे व्हिडिओ गेमचे यंत्र बाजारात आणताना खेळांसाठी सीडी नाकारली आणि कार्ट्रिज (आतल्या चिपवर खेळ साठवलेली डबी) कायम ठेवले. त्यामुळे यंत्र स्वस्त राहिले, हे समर्थन मला अपुरे वाटते. सीडी ड्राइव्हचा खर्च यंत्रामागे एकदाच होतो. कार्ट्रिजमधील चिपचा खर्च मात्र प्रत्येक खेळाच्या प्रत्येक प्रतीमागे होतो, आणि प्रकाशकाला तो एकही प्रत विकली जाण्यापूर्वी भरावा लागतो. अंदाज चुकून मागणी कमी निघाली तर माल अंगावर पडतो. जास्त निघाली तर नवी कार्ट्रिजे येईपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात. सीडी त्या मानाने चटकन आणि अत्यल्प खर्चात पुन्हा काढता येत असे. साठवणक्षमतेतही सीडीचे सुमारे ६५० मेगाबाइट कुठे आणि सर्वांत मोठ्या कार्ट्रिजचे ६४ कुठे! निन्टेन्डोच्या यंत्रांवर वाढलेल्या ‘फायनल फॅन्टसी’ मालिकेचा सातवा भाग स्क्वेअर या खेळ बनवणाऱ्या कंपनीने १९९७ साली तीन सीडींवर, सोनीच्या प्लेस्टेशन या प्रतिस्पर्धी यंत्रासाठी काढला, यात नवल नाही.

प्रतिसाद १

असहमत. सीडीच्या निर्मितीत फिलिप्सबरोबर सोनीचाच हात होता. निन्टेन्डोला ते तंत्र बाहेरून घ्यावे लागले असते, त्यामुळे दोघांना एकच गणित लागू होत नाही. शिवाय प्लेस्टेशनचा ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम ३०० किलोबाइट वाचत असे, म्हणजे २ मेगाबाइटची मुख्य मेमरी भरायलाच सात सेकंद. कार्ट्रिजमध्ये ही प्रतीक्षा जवळजवळ नव्हती, आणि ‘सुपर मारिओ ६४’ अवघ्या ८ मेगाबाइटमध्ये बसला. हलणारे भाग झिजतात हेही विसरू नये : सुरुवातीच्या प्लेस्टेशनचे कित्येक मालक यंत्र उलटे ठेवून खेळत, कारण सरळ ठेवल्यावर सीडी नीट वाचलीच जात नसे. सीडीच्या नकला किती सहज होत, ते निराळे सांगायला नको.

धागाकर्ता

वेगाचा मुद्दा मान्य. पण यंत्र स्वस्त राहिले म्हणजे नेमके कोणाच्या तुलनेत? सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आलेले प्लेस्टेशन मे १९९६ मध्येच १९९ डॉलरवर आले होते, आणि निन्टेन्डो ६४ तेथे त्यानंतर सप्टेंबरमध्ये, जवळपास त्याच किमतीला आले. ड्राइव्ह वगळून वाचवलेले पैसे ग्राहकाला दिसलेच नाहीत. खेळांच्या चढ्या किमती मात्र दिसल्या. विक्रीही प्लेस्टेशनची दहा कोटींहून अधिक आणि निन्टेन्डो ६४ ची सुमारे ३.३ कोटी.

प्रतिसाद २

विक्रीतील या तफावतीचे सारे खापर कार्ट्रिजवर फोडणे बरोबर नाही. प्लेस्टेशन जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्येच आले होते, आणि ती दीड वर्षाची आघाडी कमी नव्हती. धागाकर्त्यांचा प्रतीमागील खर्चाचा मुद्दा मला मात्र आजही जिवंत वाटतो. निन्टेन्डोच्या २०२५ च्या ‘स्विच २’ या यंत्रासाठी अनेक प्रकाशकांनी असे कार्ड (कार्ट्रिजचाच आजचा अवतार) निवडले, ज्यात खेळ नसतोच, फक्त तो इंटरनेटवरून उतरवून घेण्याची किल्ली असते. म्हणजे ग्राहकाने कार्डाचे पैसे द्यायचे आणि साठवणुकीची जागाही स्वतःचीच वापरायची. ‘सायबरपंक २०७७’ सारखा अवाढव्य खेळ ६४ गीगाबाइटच्या कार्डावर पूर्ण देता येत असेल, तर याहून लहान खेळांच्या प्रकाशकांनी कार्ड महाग पडते ही सबब सांगू नये.