मदत हवी आहे : थंडीतली गळाची स्पर्धा, गार पाण्यात रोहू-सायप्रिनसला काय आणि किती द्यावं?

नमस्कार मंडळी,

जानेवारीअखेर आम्हा गळवाल्या मित्रांची स्पर्धा ठरली आहे. पन्हाळ्याच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. त्याचा ठेका असलेल्या मच्छीमार सोसायटीकडून रीतसर परवानगी घेतली आहे. वेळ सकाळी सात ते बारा. कुणी कुठं बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. एकाला एकच काठी, एकच गळ. धरलेला मासा पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचा, शेवटी सगळ्याचं मिळून वजन करायचं आणि मासे परत तलावात सोडायचे. ज्याचं वजन जास्त तो पहिला. मला ही स्पर्धा मनापासून जिंकायची आहे, म्हणून जाणकारांना विचारतोय.

तलावात रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) आहेत, चारही कार्पच्याच जातीचे. बांधाकडं पाणी दोन पुरुष खोल आहे, ओढा येतो त्या टोकाला कमरेएवढं. पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत इथं मासा झक्कास लागत होता. शेंगपेंड, भाताचा कोंडा आणि थोडी काकवी कालवून लिंबाएवढे गोळे फेकायचे, गळाला कणीक लावायची, की अर्ध्या तासात तरंग (दोरीला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी खूण) हलायला लागायचा. आता थंडी पडली तसं सगळं थांबलंय. सकाळी पाण्यात थर्मामीटर सोडला की २० अंश दाखवतो. दुपारी उथळ टोकाला २३ पर्यंत जातो. तरंग नुसता थरथरतो, खाली जात नाही. गळ वर काढावा तर कणीक जशीच्या तशी.

माझी खरी अडचण पुढं आहे. थंडीतल्या कार्पच्या स्पर्धांबद्दल इंटरनेटवर जे काही सापडतं ते बहुतेक इंग्लंडकडचं. तिथं हिवाळ्यात तळ्याचं पाणी पाच-सहा अंशांवर येतं आणि मासा म्हणजे मुख्यतः आपला सायप्रिनसच. ते लोक सांगतात : चारा जवळजवळ बंद करा, गळाला मक्याचा एकच दाणा किंवा पावाची छोटी चकती लावा, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बारीक घ्या, गळ १६ नंबरचा (नंबर मोठा तितका गळ लहान). कारणही पटतं. माशाचं अंग पाण्याइतकंच गार होतं, पचन मंदावतं. त्यातून कार्पच्या जातीला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळं एकदा पोट भरलं की गारठ्यात ते लवकर रितं होत नाही. चार गोळे फेकले म्हणजे आपल्याच हातानं मासा जेवून मोकळा झाला.

पण आपलं पाणी २० अंशांचं आहे. सायप्रिनसला २० म्हणजे काहीच गार नाही, तो खायलाच पाहिजे. रोहू, कटला, मृगळ मात्र उष्ण पाण्यातले मासे. २५ ते ३० अंशांत ते जोमानं खातात. मग माझ्या तलावात एकाच वेळी एका माशाला भूक आहे आणि दुसऱ्याला नाही, असं चाललंय का? तसं असेल तर रोहूचा नाद सोडून पाचही तास तळाशी सायप्रिनसच्या मागं लागावं असं माझं मन सांगतंय. पाच किलोचा एक कटला लागला तर सगळं गणित उलटतं हे कळतं, पण तो वरच्या थरात बारीक प्लवक खाणारा. पहाटेच्या गारठ्यात त्याच्यावर विसंबणं मला जुगारासारखं वाटतं.

तर प्रश्न असे. उन्हं चढेपर्यंत बांधाजवळच्या खोल पाण्यात गळ टाकून नंतर उथळाकडं टाकायचं, हे बरोबर आहे का? (जागा बदलता येत नाही, पण रीळ असल्यानं लांब टाकता येतं.) चाऱ्यात पेंड कमी करून काकवी वाढवली तर? तेलकट पेंडीचा वास गार पाण्यात पसरत नाही, काकवी लगेच विरघळते, असा माझा अंदाज आहे. गुऱ्हाळं सुरू आहेत, ताजी काकवी हवी तेवढी मिळते. आणि कणकेऐवजी गांडूळ लावावं का? गांडुळाला बारकी मासळीच आधी टोचते आणि वेळ जातो, ही भीती आहे. आपल्याकडच्या थंडीत स्वतः करून बघितलेलं असेल तेच सांगा, दादा लोकांनो.

भर : खाली दोघांनी विचारलं म्हणून सांगतो. तंगूस ०.३० मिमीचं, गळ ८ नंबरचा. ०.२० आणि १२ नंबरवर यायला तयार आहे, पण बांधाला दगड आहेत, मोठा सायप्रिनस तिकडं वळला तर बारीक तंगूस घासून तुटेल. तोंडात गळ अडकलेला मासा सोडून द्यायचा धोका मला घ्यायचा नाही. अशा ठिकाणी ०.२५ चालेल का?

आणखी एक. आमच्यापैकी काहींनी पिशवीसाठी साधं गाठीचं जाळं आणलंय. गाठींनी खवले निघतात, अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि सोडलेला मासा पुढं बुरशी लागून मरतो. सोसायटीनं विश्वासानं तलाव दिलाय, त्यांचा एकही मासा वाया जाऊ नये. बिनगाठीची, दोन-तीन मीटर लांबीची तयार पिशवी कोल्हापुरात कुठं मिळते का? नसेल तर इचलकरंजीतून मऊ जाळीचं कापड आणून शिवून घेतो. तसं कुणी केलं असेल तर भोकं किती मोठी ठेवलीत आणि तोंडाला कडी कशाची लावलीत, तेवढं कळवा. स्पर्धेआधी सगळ्यांसाठी शिवून व्हायला पाहिजेत.